देवघरातली लक्ष्मी, १२०० डीपीआय

माधुकरी
सोमवार, रात्री ११.२०

मिरजेचं घर आम्ही मार्गशीर्षात रिकामं केलं. भांडी, पाट, सागवानी कपाट, सगळ्याच्या वाटण्या कागदावर झाल्या आणि कुणाचा आवाज चढला नाही. अडलं ते देवघरातल्या तसबिरीपाशी. कमळावर उभी लक्ष्मी, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती, खाली पाणी. आजी म्हणायची, "रविवर्म्याची आहे." आम्ही पाच भावंडं, तसबीर एक. शेवटी "तू पुण्यात आहेस, तिथे सगळं होतं, पाच कॉप्या करून आण" असं म्हणून ती माझ्या गाडीत ठेवली गेली.

तर गेले पंधरा दिवस लक्ष्मी आमच्या जेवणाच्या टेबलावर आडवी आहे आणि आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवतोय.

पहिला प्रयोग भाच्याने केला. मोबाईलवर फोटो काढला, कुठल्याशा अ‍ॅपमध्ये घातला आणि दोन मिनिटांत "मावशी, बघ, एकदम क्लिअर." क्लिअर होतीच. चेहरा रात्री साडेआठच्या मालिकेतल्या सुनेसारखा गुळगुळीत, कानातली कुडी गेलेली आणि तिथे काहीतरी चमचमतंय. हत्तीच्या सोंडेतली माळ यंत्राला कळलीच नव्हती, त्यामुळे सोंडेलाच फुलं फुटली होती. पायापाशी कुंकवाचं एक बोट उमटलेलं आहे, आजीचं किंवा तिच्या सासूचं, काच बसवण्याआधीचं. तो डाग अ‍ॅपने साफ पुसून टाकला होता.

दुसरा प्रयोग दुकानात. त्यांनी कॅनव्हासवर मोठा प्रिंट काढून देतो म्हणून सांगितलं. वर विचारलं, "लिमिटेड एडिशनचं सर्टिफिकेट पण देऊ का?" मी म्हटलं, लिमिटेड म्हणजे किती? म्हणाले, "तुम्ही सांगाल तेवढं." मी हसले आणि घरी आले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

म्हणून थोडं वाचलं. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत गिरगावात शिळाछापाचा कारखाना काढला, जर्मनीहून यंत्रं आणि तंत्रज्ञ आणले. पुढे घाटकोपर, मग लोणावळ्याजवळ मळवली. कर्ज वाढत गेलं आणि शेवटी कारखाना श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. एकेका रंगाला वेगळा दगड, त्यावर हाताने काम, आणि एकावर एक रंग चढत चित्र पुरं व्हायचं. हजारोंनी प्रती निघाल्या. म्हणजे आजीची लक्ष्मीसुद्धा कुणाच्या तरी तेलचित्राची नक्कलच, आणि ती नक्कल आम्ही शंभर वर्षं खरी म्हणून पुजली. मग मी काढलेली नक्कल मला खोटी का वाटतेय?

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही खरंच रविवर्मा प्रेसची आहे का, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? स्कॅन कसा करायचा? आणि पाच प्रती कशावर, कशाने छापायच्या?

नुसताच_वाचक
सोमवार, रात्री ११.५२

हीच लक्ष्मी नेटवर शोधा, ढिगाने मिळेल. चांगली मोठी फाईल उतरवा, पाच प्रिंट काढा, जेवायला बसा. शेवटी फोटोच ना तो? उगाच भावनेचं लोणचं.

(जेवणाच्या टेबलाचं वाचून मात्र हसलो.)

खिळेजुळारी
मंगळवार, सकाळी ६.१५

माधुकरीताई, मी कोल्हापुरात छपाईत चाळीस वर्षं काढली. खिळे (शिशाची अक्षरं) जुळवण्यापासून सुरुवात, मग ट्रेडल (पायाने चालवायचं यंत्र), मग स्क्रीन (ताणलेल्या कापडातून छपाई), आता मुलगा डिजिटल मशीन चालवतो आणि मी त्याच्या चुका काढतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते सोपं आहे.

भिंग घ्या. दहापट मोठं दाखवणारं. नसेल तर मोबाईलचा कॅमेरा जवळचं टिपायच्या मोडवर ठेवा. लक्ष्मीच्या गालावर बघा. तिथे टिंबं दिसतीलच, टिंबांशिवाय छापील गाल होत नाही. प्रश्न एवढाच की टिंबं उभी कशी आहेत.

ओळीत, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी, निळी-लाल-पिवळी-काळी मिळून छोटी फुलं झाल्यासारखी दिसली तर तो जाळीतून काढलेला छाप. म्हणजे फोटो घेऊन, जाळी लावून, प्लेट करून चार रंगांत छापलेलं. पुढच्या काळातली सगळी कॅलेंडरं तशी. पण टिंबं वेडीवाकडी, कुठे दाट कुठे विरळ, हाताने पेरल्यासारखी असली आणि चारापेक्षा जास्त रंग दिसले, म्हणजे गुलाबी हा गुलाबीच, लाल-पांढऱ्याची फसवणूक नाही, तर तो दगडावरचा छाप. ती टिंबं माणसाने एकेक करून दिलेली असतात. एका गालाला किती दिवस लागत असतील, विचार करा.

खालची कडा बघा. तिथे छापखान्याचं नाव असतं. "रविवर्मा प्रेस, कार्ला" असं छापलेल्या प्रती मी स्वतः पाहिल्यात. कडा फ्रेमवाल्याने कापली असेल तर नशीब.

आणि कागदावर बोट हळूच फिरवा. बऱ्याच प्रतींवर कॅनव्हासच्या विणीसारखी खरबरीत नक्षी लागते. छापून झाल्यावर कागद नक्षीच्या रुळाखालून काढायचे, वरून व्हार्निश. तेलचित्र वाटावं म्हणून. तेव्हा तुमच्या दुकानदाराला हसू नका. कॅनव्हासचं सोंग सव्वाशे वर्षांपूर्वीही चालूच होतं.

अवांतर : मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापली होती. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात सुरू झालेलं ते काम, नाना गेल्यावर मिरजेत पटवर्धनांनी तडीस नेलं. तुमच्या गावचं आहे म्हणून सांगितलं.

माधुकरी
मंगळवार, रात्री ९.०५

खिळेजुळारीकाका, साष्टांग नमस्कार.

आज फ्रेम उघडली. मागची फळी काढायला अर्धा तास, खिळे गंजलेले. कडा कापलेली आहे. छापखान्याचं नाव गेलं. बोटाला खरबरीत लागतंय. गालावर टिंबं वेडीवाकडी, गुलाबी ती गुलाबीच. कपाळावर भिंग धरलं तर ज्याने ती टिंबं दिली त्याचा हात भुवईपाशी थोडा घाईत होता, तेही दिसतं. तिथे टिंबं लांबट झालीत, स्वल्पविरामासारखी.

पण खरी गंमत फळीच्या आत. चित्र आणि फळी यांच्यामध्ये भर म्हणून एक जुनं कॅलेंडर घातलेलं निघालं. १९५८ सालचं. चित्रात कॅलेंडरवाल्या चित्रकार मुळगावकरांच्या धाटणीची मुरलीधर आणि राधा, तारखांचा भाग अर्धा फाटलेला. म्हणजे फ्रेम तेव्हा पुन्हा केली असणार. दोन्ही कागद शेजारी ठेवून भिंगातून बघितले. कॅलेंडरच्या राधेच्या गालावर काका म्हणतात तशी प्रार्थनेची रांग. एकाच टेबलावर दोन छापखाने भेटले.

आता स्कॅनचं सांगा कुणीतरी.

बडोद्याची_शाई
मंगळवार, रात्री ११.३०

मी मूळची जळगावची, बडोद्याला मुद्राचित्रण (प्रिंटमेकिंग) शिकतेय. हाताला एचिंगच्या (धातूचा पत्रा आम्लाने कोरायच्या) आम्लाचा वास आहे, तेवढा माझा अधिकार.

स्कॅन : चित्र साधारण १४ बाय २० इंच असेल. घरचा स्कॅनर ए-४ चा, त्यामुळे चार तुकड्यांत घ्या आणि कडांवर दोन-दोन इंच एकमेकांवर येऊ द्या, म्हणजे जोडता येतील. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) पुरे. तुम्ही शीर्षकात १२०० लिहिलंय खरं, पण त्या मापाने १६,८०० बाय २४,००० पिक्सेल होतात, म्हणजे चाळीस कोटी पिक्सेल. दाबलेली नसलेली फाईल सव्वा जीबीच्या घरात जाते. तुमचा लॅपटॉप फॅन लावून रडेल. जेपेगमध्ये ठेवू नका, टिफमध्ये ठेवा. "शार्पन", "डस्ट रिमूव्हल", "ऑटो कलर" सगळं बंद. ते चालू राहिलं तर यंत्र त्या टिंबांना धूळ समजतं. भाच्याच्या अ‍ॅपने तेच केलं. टिंब म्हणजे घाण आणि चेहरा म्हणजे गुळगुळीत, एवढंच त्याला माहीत.

झाकण दाबून लावू नका. व्हार्निश तडकतं.

कॅलेंडर मात्र स्कॅन केलंत तर कदाचित लाटा-लाटा दिसतील. जाळीतली रांग आणि स्कॅनरच्या पिक्सेलची रांग एकमेकींना छेदतात, त्या लाटा त्याच्या. दगडावरच्या टिंबांना रांगच नाही, त्यामुळे तिथे तसं फारसं होत नाही. मला ही गोष्ट फार आवडते.

आता तिसरा प्रश्न. इथे माझं आणि तुमचं बिनसणार. इंकजेटने काढलेल्याला आम्ही ठसा म्हणत नाही. ठसा म्हणजे काहीतरी कोरलं, खोदलं, आम्लाने खाल्लं, दगडावर चरबीने काढलं, आणि त्या पृष्ठाने कागदाला स्पर्श केला. लिथोचं, म्हणजे शिळाछापाचं, तत्त्वच तेल आणि पाण्याच्या वैरावर उभं आहे. झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास ते शोधलं ते स्वतःची नाटकं स्वस्तात छापायला. आम्ही पंचवीस ठसे काढतो, खाली पेन्सिलने ३/२५ लिहितो आणि प्लेटवर आडवी रेघ मारून ती मारून टाकतो. पंचवीस ही मर्यादा आमची इच्छा असते, पण तिला थोडा आधारही असतो. ड्रायपॉइंटची (आम्लाशिवाय, सुईने थेट ओरखडलेली) प्लेट दाबाखाली झिजते, विसाव्या ठशाला रेघेची लव गेलेली असते. फाईल झिजत नाही. मग "तुम्ही सांगाल तेवढं" हेच त्या सर्टिफिकेटचं खरं वर्णन.

"जिक्ले" हा शब्द दुकानात ऐकलाच असेल. क्रॉस्बी-स्टिल्स-नॅश या रॉक बँडमधल्या ग्रॅहम नॅशने कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स काढलं. छपाईपूर्व प्रूफ काढण्यासाठी बनवलेलं आयरिस नावाचं यंत्र त्यांनी फोटो आणि चित्रं छापायला वापरलं. तिथल्या जॅक डुगॅनने १९९१ मध्ये फ्रेंच शब्दावरून हे नाव बेतलं, कारण "इंकजेट" म्हटलं की लोकांना ऑफिसचा प्रिंटर आठवायचा. फ्रेंच शब्दाचा अर्थ फवारणे. बस्स, एवढंच. ते पहिलं यंत्र आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

खिळेजुळारी
बुधवार, सकाळी ६.०५

बडोदेकर पोरी, रेघ मारून प्लेट मारून टाकायची ही चैन आम्हाला कधी परवडली नाही. आमच्याकडे ब्लॉक जपून ठेवायचे, पुढच्या वर्षी त्याच गणपतीची पत्रिका परत यायची.

पण स्पर्शाचं बोललीस म्हणून विचारतो. मी आता स्क्रीन करताना पॉझिटिव्ह (उजेड द्यायला लागणारी चित्राची काळी प्रत) लॅपटॉपवर बनवतो आणि लेझर प्रिंटरने ट्रेसिंग पेपरवर काढतो. पूर्वी त्यासाठी प्रोसेसवाल्याकडे दोन हेलपाटे व्हायचे, आणि एक वेलांटी चुकली की तिसरा. पुढचं सगळं तेच. कापड ताणायचं, इमल्शन लावायचं, अंधारात वाळवायचं, उजेड द्यायचा, पाण्याने धुवायचं, स्क्वीजी (शाईची रबरी पट्टी) ओढायची. आता हा ठसा डिजिटल झाला की हाताचा? शाईने कागदाला स्पर्श केलाच की.

कलामहाविद्यालयाची पोरं माझ्याकडे येतात. लग्नपत्रिकांची स्क्रीन गेली, पन्नास पत्रिकांसाठी कोण सेटिंग करणार, डिजिटलवर दुपारी देऊन संध्याकाळी नेतात. माझं टेबल रिकामं होतं. ही पोरं दोन-तीन रंगांची चित्रं घेऊन येतात, मुद्दाम रजिस्टर (रंगावर रंग नेमका बसणं) हलवून मागतात! आयुष्यभर रजिस्टर जुळवण्यात डोळे घातले, आणि आता हलवल्याचे पैसे मिळतात.

बडोद्याची_शाई
बुधवार, दुपारी १.४०

काका, हरले. आमच्याकडेही लेझर कटरने लाकडाचा ठोकळा कोरून घेतात आणि मग हाताने दाबून छापतात. मी स्वतः एकदा केलंय. कोरायला जिथे तीन आठवडे गेले असते तिथे दुपार गेली. पण लेझरने कोरलेल्या रेघेला दोन्ही काठ सारखे येतात. हातातल्या गॉजची (कोरणीची) रेघ आत शिरते तेव्हा बारीक आणि बाहेर निघते तेव्हाही बारीक. चित्रकार चित्तप्रसादांचे लिनोकट (लिनोलियमवर कोरलेले ठसे) बघा, अंधेरीच्या खोलीत बसून कापलेले. प्रत्येक पांढऱ्या रेघेला सुरुवात आणि शेवट आहे. मी माझा लेझरचा ठोकळा नंतर दोन दिवस हाताने बिघडवत बसले होते.

नुसताच_वाचक
बुधवार, दुपारी ३.१०

तुम्ही सगळे भिंग घेऊन गालावर बसलात, बसा. सामान्य माणसाला चित्र बघायला मिळतंय की नाही, ते बोला. माझ्या लहानपणी नांदेडला चित्र म्हणजे कॅलेंडर आणि दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. आज माझी मुलगी शाळेतून आल्यावर टॅबवर जगातली संग्रहालयं फिरते. टिंबं कुणाला हवीत?

आमस्टेलकाठ
बुधवार, रात्री १०.२५ (इथे अजून संध्याकाळ आहे)

नुसताच_वाचक, टिंबं तुमच्या मुलीलाच हवी असतील. सांगतो कशी.

मी अ‍ॅमस्टरडॅमला नऊ वर्षं आहे, सॉफ्टवेअरवाला, चित्रकलेशी संबंध शून्य. इथल्या राइक्सम्युझियम या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१२ साली सव्वा लाख चित्रं नेटवर मोठ्या आकारात खुली केली. नुसती बघायला नाही, उतरवून घ्या, कापा, चादरीवर छापा, आमचं काही म्हणणं नाही असं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये पावणेचार लाख प्रतिमा अशाच सोडल्या. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं होतं की लोक मोनालिसा-छाप ओळखीची चित्रं तेवढी घेतील. मीही तेच केलं. डच चित्रकार रेम्ब्रांटचं "नाइट वॉच" राइक्सम्युझियमने २०२२ मध्ये ७१७ गिगापिक्सेलमध्ये टाकलं, ते बघितलं, भुवया उंचावल्या, विसरलो.

अडकलो ते रेम्ब्रांटच्याच एका ड्रायपॉइंट ठशात. तीन क्रूस, १६५३ सालचं. मी दोन प्रती शेजारी उघडल्या आणि वाटलं संग्रहालयाचीच चूक झालीय, ही दोन वेगळी चित्रं आहेत. एकीत गर्दी, माणसं, प्रकाशाचा झोत. दुसरीत काळोख कोसळलेला, अर्धी माणसं नाहीशी, एक घोडेस्वार नवा उगवलेला. प्लेट एकच! त्याने ती काही वर्षांनी पुन्हा हातात घेतली, घासली, ओरबाडली आणि परत छापली. पूर्वी हे बघायचं तर दोन ठसे एकाच टेबलावर यायला हवेत, म्हणजे तुम्ही मोठे अभ्यासक हवेत आणि कुणीतरी तुमच्यासाठी पेट्या उघडायला हव्यात. मी हे पायजम्यात, चहा पीत बघितलं.

जपानी चित्रकार होकुसाईच्या लाटेचंही तसंच. १८३१ च्या आसपासचा लाकडी ठोकळ्याचा ठसा, त्याच्या प्रती मेट्रोपॉलिटनकडे आहेत, ब्रिटिश म्युझियमकडे आहेत, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटकडे आहेत. डाव्या कोपऱ्यात शीर्षकाची चौकट आहे. वेगवेगळ्या प्रतींत त्या चौकटीच्या रेघेतल्या फटी मोजा. ठोकळा झिजत गेला तशा फटी वाढल्या, त्यावरून कुठली प्रत आधीची ते लावता येतं. तुमच्या मुलीला टॅबवर हा खेळ द्या. "एक फाईल उतरवली, काम झालं" म्हणालात ना, त्यात हा खेळच जातो. छापलेल्या चित्राची एक प्रत ही दुसरीसारखी नसते.

माधुकरीताईंच्या घरातल्या लक्ष्मीची भुवई घाईत आहे. ती घाई तुमच्या नेटवरच्या लक्ष्मीत असेलच असं नाही.

नुसताच_वाचक
बुधवार, रात्री ११.०२

बरं. चौकटीच्या फटी मोजतोय. दोन प्रतींत फरक आहे खरा.

पण आपल्याकडे? इथल्या एका संग्रहालयाच्या साईटवर गेलो तर चित्र टपाल तिकिटाएवढं, त्यावर आडवं नाव छापलेलं, आणि मोठं हवं तर अर्ज करा. सार्वजनिक पैशांनी जपलेलं चित्र पब्लिकने बघायचं नाही का?

आमस्टेलकाठ
बुधवार, रात्री ११.२०

अगदीच काही नाही असं नाही. पुण्याच्या सी-डॅकने "जतन" नावाची प्रणाली बनवलीय, केंद्र सरकारच्या बऱ्याच संग्रहालयांचं डिजिटायझेशन तिच्यावर झालं आणि एकत्र पोर्टलही आहे. नोंदी भरपूर आहेत. पण भिंग लावायचं म्हटलं की तुमची तक्रार रास्त.

कलम_५७
गुरुवार, सकाळी ९.४०

वकील आहे, थोडक्यात लिहिते.

आपल्या १९५७ च्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, मोजणी पुढच्या वर्षाच्या एक जानेवारीपासून. रविवर्मा १९०६ साली गेले. लक्ष्मी निःशंकपणे सगळ्यांची आहे, पाच काय पाच लाख छापा. चित्रकार धुरंधर १९४४ साली गेले, तेही मोकळे.

फळीमागचं कॅलेंडर मात्र जपून. रघुवीर मुळगावकर १९७६ साली गेले. चित्र त्यांचं असेल तर हक्क २०३६ अखेरपर्यंत. मुखपृष्ठांचे चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, त्यांचं गणित २०३१ अखेरपर्यंत. कॅलेंडर कंपनीने पैसे देऊन काढून घेतलं असेल तर हक्क कुणाचे हे करारावर. तेव्हा घरात लावा, धाग्यावर तुकडा दाखवा, पण टी-शर्ट काढू नका.

माझी खंत वेगळी आहे. या दोघांची दिवाळी अंकांवरची मुखपृष्ठं छापली होती साध्या कागदावर. हक्क संपेपर्यंत कागद टिकेल का? कायदा परवानगी देईल तेव्हा स्कॅन करायला काय उरेल? घरात असतील त्यांनी निदान स्वतःपुरते चांगले स्कॅन करून ठेवावेत.

पिंगुळीचा
गुरुवार, दुपारी १२.१५

सगळ्यांनी ओलिओग्राफचं (लक्ष्मीसारख्या, तेलचित्र वाटणाऱ्या छापांचं) कौतुक केलं, मी जरा वाकडं बोलतो. आमच्या सिंधुदुर्गात पिंगुळीला चित्रकथी आहे. ठाकर समाजाची कला, कागदावर रंगवलेल्या पोथ्या, एकेक चित्र पुढे धरून कथा सांगायची. तिथला राम वेगळा दिसतो, सीता वेगळी दिसते, नाक लांब, डोळा मोठा. घरोघरी छापील देव गेले आणि देवांचा एकच चेहरा झाला. गोरा, भरल्या गालांचा, नऊवारीतला. आता भाच्याच्या अ‍ॅपने त्याच्यावरही कडी केली. पहिल्यांदा दगडाने चेहरे सारखे केले, आता यंत्र करतंय. फक्त वेग वाढला.

टिंब
गुरुवार, दुपारी १२.५०

पिंगुळीकर, अर्धं मान्य. पण दुसरं अर्ध असं : तो छापखाना १८९४ चा आणि नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा. मधली छत्तीस वर्षं ज्यांना पायरीवर थांबवलं जात होतं, त्यांच्यातल्या कुणी बाजारातून देवाचा कागद घेतला तर त्याच्या घरात देव विनापरवाना येऊ शकत होता. एकसारखा चेहरा का होईना. माझ्या पणजोबांनी घेतला होता की नाही ठाऊक नाही, आमच्या घरात तेव्हाचं काहीच टिकलेलं नाही. पण "प्रत" या शब्दाला तुम्ही नाक मुरडता तेव्हा मला हे आठवतं.

पिंगुळीचा
गुरुवार, दुपारी १.०५

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गप्प बसतो.

गंगावेस
गुरुवार, रात्री ८.३०

कोल्हापूरकर म्हणून एकच सांगतो. ज्या इंकजेटला तुम्ही जिक्ले म्हणून मखरात बसवताय त्याचाच थोरला भाऊ फ्लेक्स. शाई वेगळी, कागदाऐवजी प्लास्टिक, पण बारीक नळीतून थेंब उडवायचा कारभार तोच. बाबूराव पेंटरांच्या गावात सिनेमाचे मोठे पडदे रंगवणारे पेंटर होते. शिडीवर चढून नायिकेचा डोळा दोन फुटांचा काढायचे. फ्लेक्स आला आणि ते सगळे घरी बसले. आता चौकात दादांचा वाढदिवस आणि खाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे. कलेची उपलब्धता वाढली, नाही कसं म्हणू.

माधुकरी
रविवार, सायंकाळी ५.४५

धागा भलताच लांबला, सगळ्यांचे आभार. झालं ते सांगते.

स्कॅन बडोदेकर सांगतात तसा चार तुकड्यांत, ६०० वर. (शीर्षक तसंच ठेवते, बदललं तर प्रतिसाद कळणार नाहीत.) जोडताना तिसरा तुकडा केसभर तिरका आला, त्यात एक संध्याकाळ गेली. छपाईसाठी दुसरं दुकान मिळालं. कॅनव्हास नको म्हटलं, सुती कागद घेतला, आम्लविरहित. शाई रंगद्रव्याची आहे ना, हे दोनदा विचारलं. विरघळणाऱ्या रंगाची शाई उन्हाला लवकर विटते, हे एव्हाना मलाही पाठ झालंय. दुकानातल्या मुलाने सर्टिफिकेटचा विषय काढला नाही. मी भिंग काढलं तेव्हा तो चपापला, मग स्वतःच घेऊन बघू लागला. "मॅडम, आमच्या मशीनची टिंबं पण बिनरांगेची आहेत की!" खरंच होती. इंकजेटचे थेंबही पसरूनच पडतात. जाळीतल्या कॅलेंडरपेक्षा हा छाप दगडाच्या जवळ दिसतो. खिळेजुळारीकाकांना हे सांगायचंच होतं.

छापाच्या मागे पेन्सिलने लिहिलंय : मिरजेच्या घरातल्या शिळाछापावरून, पाच प्रती. आकडे घातले नाहीत. पहिला कुणाचा यावरून घर परत भांडलं असतं.

एक अडलं. कुंकवाचा डाग. फाईलमध्ये तो पुसणं एका मिनिटाचं काम, म्हणून ग्रुपवर विचारलं, ठेवू का काढू? नागपूरचा भाऊ म्हणाला, ठेव. धाकटी बहीण म्हणाली, काढ, मी नवीन कुंकू लावीनच की. ठाण्याच्या वहिनीने विचारलं, डाग कुठला? तिने तो कधी पाहिलाच नव्हता, तिला काचेबाहेरून दिसलेला नाही. शेवटी तीन डागासकट, दोन बिनडागाच्या.

मूळ तसबीर परत बंद केली. कॅलेंडर पूर्वी होतं तसंच मागे घालणार होते, पण वकीलबाईंचं वाचून ते वेगळ्या पाकिटात सपाट ठेवलंय, मध्ये बटर पेपर. २०३६ पर्यंत.

खिळेजुळारी
रविवार, सायंकाळी ६.२०

बटर पेपर नको. तोही आम्लाचा निघू शकतो, पिवळा पडेल. त्याच सुती कागदाचा तुकडा मागून घ्या दुकानातून. आणि आता टेबलावर बसून जेवा.